माळेगावच्या घोडेबाजाराचे पंचांग

शिरूर अनंतपाळच्या काळ्या शिवारात नांगर ओढतो तो बैल, आणि तोही शक्यतो देवणी: अंगावर ठिपके असलेला शेवरा, तोंडावर काळेपण असलेला वानेरा, नाहीतर पांढराशुभ्र बालंक्या. कंधारच्या अंगाला गेले की देवणीची जागा लालकंधारी घेते. घोडा मात्र या कामात कुठेच नाही. आपल्याकडचे जू बैलाच्या वशिंडापुढे टेकते. घोड्याला वशिंड नाही, आणि त्याच्या खांद्यावर ओझे नीट बसावे असा गळपट्टा घडवण्याची गरज दख्खनच्या शेतीला कधी पडली नाही. त्यामुळे घोडा इथे शेताबाहेरच राहिला. तरीही दर हिवाळ्यात, इथून एका दिवसाच्या अंतरावर, नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा असा बाजार भरतो, की मराठवाड्याबाहेर माळेगावचे नाव निघाले तर आधी घोडा आठवतो आणि मग देव. ज्या मुलखात घोड्याला शेतीत काम नाही, तिथे घोड्याचा एवढा मोठा बाजार का, याचे एक ठरलेले उत्तर दिले जाते: हा मराठ्यांच्या आणि निझामाच्या घोडदळाचा अवशेष आहे. पागा गेल्या, शिलेदार गेले, बाजार तेवढा मागे राहिला. हे उत्तर ऐकायला रुबाबदार आहे, पण तारखांशी ते जुळत नाही. माझे म्हणणे असे की माळेगावचा घोडेबाजार फौजेने उभा केला नाही आणि फौजेने टिकवलाही नाही. तो उभा आहे तो दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यावर, भटक्या समाजांच्या वार्षिक भेटीवर आणि या दोहोंना एका तिथीला बांधून ठेवणाऱ्या देवावर.

तिथीपासूनच सुरुवात करू. माळेगावची देवस्वारी निघते मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला. दुसऱ्या दिवशी अमावस्या. ही अमावस्या लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते, पण इथे ती दिवाळीच्या तोडीची आहे. वेळ अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोपी उभी राहते, तिच्यात पांडव मांडून पूजा होते, ज्वारीची आंबील आणि कोवळ्या शेंगांच्या दाण्यांची भज्जी शेजाऱ्यापाजाऱ्यांना आग्रहाने वाढली जाते. सणाची वेळ नीट पाहिली तर शेतकऱ्याच्या वर्षातली एक नेमकी फट दिसते. खरिपाचे पीक घरात आले आहे, रब्बीची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली आहे, हरभरा घाट्यांवर येऊ लागला आहे, आणि काढणीला अजून दीड-दोन महिने आहेत. हातात पैसा आहे आणि हाताला काम कमी आहे. शिवाय रस्ते कोरडे आहेत, ही गोष्ट डांबरी सडकांच्या काळात आपण सहज विसरतो. मांजरा, तेरणा, मन्याड यांच्या खोऱ्यांतली काळी माती पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत गिळायची. आषाढ ते भाद्रपद माणूसच चार कोस मुश्किलीने जाई, तिथे जनावरांचे तांडे हाकत नेणे दूरच. मार्गशीर्षात ओढे आटोपशीर झालेले असतात, पण पाणवठे अजून कोरडे पडलेले नसतात. कडबा नवा असतो. रक्त पिणाऱ्या माश्या, ज्यांच्यामुळे घोड्यांना सर्राचा ताप येतो, पावसाळ्याइतक्या उरलेल्या नसतात. हजारो जनावरे काही दिवस एका माळावर उभी करायची असतील, तर दख्खनमध्ये याहून चांगला आठवडा सापडणे अवघड आहे.

आता फौजेकडे वळू. मराठी फौजांची मोहीम निघायची दसऱ्याला. सीमोल्लंघन हा आज सोने वाटण्याचा विधी उरला असला, तरी तेव्हा ते प्रत्यक्ष कूच होते. पावसाळाभर छावणीत चंदी खाल्लेली घोडी दसऱ्याला बाहेर काढायची आणि पुढच्या पावसाच्या आत परत आणायची, हा त्यांचा नेम. उदगीरची लढाई १७६० च्या फेब्रुवारीत झाली, खर्ड्याची १७९५ च्या मार्चमध्ये. दोन्ही याच मोसमातल्या. ज्याला घोडा लढाईसाठी हवा, तो दसऱ्याच्या आधी किंवा फार तर दसऱ्याच्या सुमारास घेणार. मोहीम निघून दोन-अडीच महिने झाल्यावर, फौज मुलूखगिरीवर लांब गेलेली असताना, घरामागे भरणारा बाजार शिलेदाराच्या काय कामाचा? मेलेल्या आणि लंगड्या झालेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे मोहिमेच्या मध्यावरही लागत असणारच, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण ती खरेदी जिथे फौज असेल तिथे होते, म्हणजे व्यापारी तळाच्या मागे जातात. एका ठरलेल्या खेड्यात, ठरलेल्या तिथीला बसून राहणारा बाजार त्या गरजेला पुरा पडत नाही.

फौजेसाठी भरणारा बाजार कसा असे, याचा एक जुना दाखला याच परिसरातला आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, मोठ्या खटपटीने तो परत मिळाला, आणि शेवटी बहमनींच्या बिदरला नाताळच्या सुमारास तो विकला गेला. ज्याला एका घोड्याच्या जोरावर नशीब काढायचे होते, त्याला त्या एका घोड्याने किती फिरवले, ही त्याच्या वृत्तांतातली मोठी गंमत आहे. याच निकितिनने शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या एका वार्षिक बाजाराचे वर्णन केले आहे. ते ठिकाण म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद, असे मानले जाते. तिथे वीस हजार घोडे विकायला येतात, असे तो लिहितो. आकडा ऐकीव असेल, फुगवलेलाही असेल; बाजार प्रचंड होता एवढे मात्र त्यावरून दिसते. महत्त्वाची आहे ती वेळ. त्याने ती आपल्या ख्रिस्ती सणाच्या भाषेत सांगितली आहे, आणि तो सण ऑक्टोबरच्या आरंभी येतो. म्हणजे पाऊस सरला, वाटा मोकळ्या झाल्या आणि मोहिमा निघायच्या, तो काळ. बहमनी सुलतानाच्या सरदारांना घोडे हवे असत ते तेव्हाच. फौजेचा बाजार असा फौजेच्या वेळेला भरतो. बहमनी गेले, बरीदशाही गेली, आणि आज आळंदला कोणी घोडा घ्यायला जात नाही. माळेगाव त्या नात्याने दोन महिने उशिराचे आहे, आणि मला वाटते तेच त्याच्या टिकण्याचे कारण आहे.

फौज एका दिवसात नाहीशी झाली असती, तर हा तर्क तपासणे कठीण गेले असते. पण मराठवाड्यात घोड्याचे मोठे गिऱ्हाईक एकेक करून, लिहून ठेवलेल्या तारखांना गेले आहे. इंग्रजांच्या अमलाखालच्या हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होत्या, आणि तिथे रिसाले असत. हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे: सरकार पगार देणार, घोडा स्वाराने आणायचा. मेला तर दुसरा त्यानेच उभा करायचा. घोड्याच्या व्यापाऱ्याला याहून चांगले गिऱ्हाईक नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट स्वतंत्र फौज म्हणून संपली, तिचे रिसाले हिंदुस्थानी सैन्यात मिसळले, आणि पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धतच मोडीत निघाली. मग उरले जहागीरदार आणि देशमुख. त्यांच्या दारात घोडी असणे ही गरजेपेक्षा इभ्रतीची बाब होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले आणि पुढच्याच वर्षी जहागिऱ्या खालसा झाल्या. १९६० साली आफ्रिकेतून मध्यपूर्वेमार्गे आलेल्या अश्वज्वराच्या साथीने देशभर घोडी मेली. त्यानंतर एसटी खेड्यापाड्यांत पोचली, आणि शेवटी तीनचाकी रिक्षांनी तालुक्याच्या गावांतला टांगाही उठवला. घोडेबाजार जर घोडदळाचा अवशेष असता, तर १९०३ नंतर तो ढासळायला लागला असता आणि १९५० पर्यंत संपला असता. तो संपला नाही. खरेदीदार चार वेळा बदलला, बाजाराची जागा आणि तिथी तीच राहिली.

मग बाजार धरून कोणी ठेवला? याचे उत्तर यात्रेच्या झगमगाटात सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या कडेच्या पालांमध्ये आहे. घिसाडी, वैदू, गोसावी, मसणजोगी, वडार, गोंधळी, अशा कितीतरी फिरत्या जमातींची माळेगाव ही वर्षातली ठरलेली भेट. वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो त्यांना एकमेकांना गाठायचे तर जागा आणि दिवस दोन्ही पक्के हवेत, आणि पंचांगाखेरीज दुसरे कॅलेंडर न वापरणाऱ्या माणसांना अमावस्येच्या आदल्या दिवसाइतका पक्का दिवस दुसरा नाही: चंद्र बारीक होत जातो, पोचायला किती मुक्काम उरले ते आभाळात दिसते. सोयरिकी इथे जुळत, देणीघेणी इथे फिटत, जातपंचायती इथे बसत. पंचायतींचे कौतुक करण्यासारखे फारसे काही नाही. त्यांच्या निवाड्यांखाली, विशेषतः बायकांचे, जे हाल झाले ते लपलेले नाहीत, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून महाराष्ट्रात लागू झाला तो उगीच नाही. पण इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. या माणसांचे बिऱ्हाड वाहून नेणारे जनावर म्हणजे तट्टू आणि गाढव. त्यांच्यासाठी ते जनावर शौक नव्हते आणि मोहिमेचे साधनही नव्हते. ते चालते घर होते. वर्षातून एकदा सगळा गोत एका माळावर आला की जनावरांची अदलाबदल, विक्री, खोड काढलेल्या तट्टाला नवा मालक शोधणे, हे सगळे आपोआप होणारच. रुबाबदार घोडे आणणारा सौदागर आला तो या जमलेल्या बाजारात. माळ भरलेला होता म्हणून तो आला, त्याने माळ भरवला नाही. गाढवांचा बाजार आजही घोड्यांच्या बाजाराला लागून भरतो, ही या क्रमाची खूण आहे. ज्या बाजाराचा जन्म रिसाल्यासाठी झाला, त्यात गाढवाला एवढा मान मिळाला नसता.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो देवाच्या बाजूने येतो. खंडोबा स्वतःच घोडेस्वार देव आहे. त्याचे वाहन घोडा, त्याच्या टाकावर घोडा. मग त्याच्या यात्रेत घोडे आले यात नवल काय, आणि त्यासाठी मातीचा नि माश्यांचा हिशेब कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो जेवढे सांगतो त्याहून जास्त प्रश्न उभे करतो. खंडोबाचा सर्वांत मोठा दिवस चंपाषष्ठी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. घोडा जर फक्त देवासाठी येत असेल, तर माळेगावचा बाजार चंपाषष्ठीला भरायला हवा होता. तो तिथून बावीस-तेवीस दिवस पुढे, थेट येळवसेच्या उंबऱ्यावर भरतो. वद्य चतुर्दशी ही शिवाची तिथी आहे आणि खंडोबा शिवाचा अवतार, हे खरेच. म्हणूनच ती तिथी शोभते. पण दर महिन्याला एक वद्य चतुर्दशी येते. त्यातली नेमकी मार्गशीर्षातली, खरीप उरकल्यावरची आणि रब्बी हाताशी येण्यापूर्वीची निवडली जाणे, यात शास्त्रापेक्षा शेतीचा वाटा मोठा दिसतो. जेजुरीलाही गाढवांचा प्रसिद्ध बाजार पौष पौर्णिमेला भरतो, चंपाषष्ठीला नाही. देव एकच आहे. जनावरांच्या बाजाराने दोन्ही ठिकाणी देवाचा मुख्य दिवस सोडून कामाच्या सोयीचा दिवस धरला आहे. देवाचे काम इथे दुसरे, आणि माझ्या मते ते अधिक मोठे आहे: त्याने त्या दिवसाला कोणाच्या मालकीचा होऊ दिले नाही. राजा बदलला तरी देवस्वारी निघाली, आणि देवस्वारी निघाली म्हणून बाजार भरला.

हे मराठवाड्याचेच वैशिष्ट्य की कुठेही असेच घडते, हे पाहायला जपानकडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण तिथे हिवाळा आणि घोडा यांचे नाते आपल्या नेमके उलट आहे. होक्काइदो बेटावर हिवाळ्यात हिमाने वाटा बंद होतात. तिथल्या गिड्ड्या देशी घोड्यांना शेतकरी हिवाळ्यात डोंगरात सोडून देत. घोडी बर्फ उकरून खालचे बांबूगवत खात आणि वसंतात पुन्हा कामाला धरून आणली जात. ज्यांना काम होते त्यांचे काम बर्फामुळेच निघे: रानात तोडलेले ओंडके स्लेजवर टाकून ओढायचे. बाजारही त्या मानाने भरत. पश्चिमेकडच्या दाइसेन पर्वतावरच्या देवळाने आपल्या आश्रयाखाली गुराघोड्यांचा जो बाजार चालवला, तो जपानातल्या मोठ्या बाजारांत गणला जाई. जिझो या दयाळू देवतेच्या दर्शनाला येणारा शेतकरी आपले जनावरही आणी, आणि देवळाच्या छायेत सौदा होई. माळेगावच्या माणसाला हे सांगितले तर त्याला फार काही समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की तिथे हिवाळा हा बाजार बंद ठेवण्याचा काळ, इथे तो उघडण्याचा.

पण पुढे दोन वाटा फुटल्या. मेइजी काळापासून जपानी सरकारने घोडा स्वतःच्या हातात घेतला. चीनशी आणि रशियाशी झालेल्या युद्धांत आपली घोडी लहान आणि हट्टी पडली, हे सेनापतींना झोंबले होते. १९०६ साली घोड्यांसाठी स्वतंत्र सरकारी खाते निघाले, परदेशी वळू आणले गेले, देशी नरांना खच्ची करण्याचा कायदा झाला, आणि जात सुधारावी म्हणून शर्यतींना उत्तेजन मिळाले. लावलेल्या पैजांनी बोभाटा झाल्यावर दोनच वर्षांत तिकिटांवर बंदी आली, आणि १९२३ च्या कायद्याने तिकीटविक्री पुन्हा सुरू झाली. १९४५ मध्ये फौज विसर्जित झाली, साठच्या दशकात ट्रॅक्टर आला, आणि एके काळी दहा लाखांहून कितीतरी अधिक असलेली घोड्यांची संख्या कोसळली. देशी म्हणाव्या अशा आठच जाती आज उरल्या आहेत. दाइसेनचा बाजार त्याच्याही आधी बंद पडला होता. घोडा वाचवला तो पैजेने. डिसेंबरअखेर नाकायामाला होणारी अरिमा किनेन ही १९५६ पासूनची शर्यत आज तिथल्या वर्षअखेरीचा भाग झाली आहे. होक्काइदोच्या ओबिहिरो शहरात तर बानेई नावाची शर्यत वर्षातला बहुतेक काळ, थंडीवाऱ्यातही चालते: टनभर वजनाची घोडी दोनशे मीटरच्या सरळ वाटेवर, मध्ये दोन उंचवटे चढून, लोखंडी स्लेज ओढतात, मोठ्या शर्यतीत स्लेजचे वजन एक हजार किलोपर्यंत जाते. घोडे वाटेत थांबतात, दम घेतात, मग पुन्हा जोर लावतात. उणे तापमानात त्यांच्या अंगातून वाफा निघत असतात. ही शर्यत रानातल्या ओंडके ओढण्याच्या कामातून आणि शेतकऱ्यांच्या उत्सवातल्या चढाओढीतून आली. पूर्वी ती चार शहरांत होई. तोटा वाढला तशी तीन शहरे बाजूला झाली आणि २००७ पासून फक्त ओबिहिरो उरले. तिकीट विकणारी नगरपालिका आहे तोवर तो घोडा आहे.

यावरून कोणी म्हणेल की मग राज्यसत्तेशिवाय घोडा टिकत नाही हेच सिद्ध झाले, आणि माळेगावलाही जिल्हा परिषद मंडप टाकते, पाण्याची सोय करते, अश्वप्रदर्शनाला बक्षिसे लावते. बक्षिसे लावते, हे मान्य. पण सौद्याचा पैसा तिचा नाही. ओबिहिरोत तिकीटविक्री थांबली तर दुसऱ्या दिवशी घोड्याला धनी नाही; माळेगावात मंडप उशिरा पडला म्हणून कोणी घोडे घेऊन परत गेल्याचे ऐकिवात नाही. करोनाच्या साथीत यात्रेवर बंदी आली, बाजार मोडला, आणि बंदी उठताच तो त्याच तिथीला पुन्हा उभा राहिला, कारण त्याला उभे राहण्यासाठी कोणाच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीची वाट पाहायची नव्हती. आपल्याकडच्या पैजेच्या शर्यतीही या बाजाराच्या वाटेवर कधी आल्या नाहीत. मुंबईच्या महालक्ष्मीचा मोसम नेमका हिवाळ्यातला, तिथली इंडियन डर्बी फेब्रुवारीत, पावसाळ्यात पुणे, निझामाच्या राजधानीत मलकपेटचे मैदान. पण तिथे धावतो तो वंशावळ छापलेला थरोब्रेड, त्याची खरेदी पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मांवर आणि लिलावात होते. मलकपेटपासून माळेगाव फार लांब नाही. तरी त्या दोन जगांचे घोडे वेगळे, माणसे वेगळी आणि पैसाही वेगळा.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र अजून बाकी आहे. बाजार टिकला म्हणता, पण त्यात घोडा कोणता? आज माळेगावच्या माळावर दिसतो तो मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडून आलेला गुलाबी कातडीचा पांढरा नुकरा. कान आत वळलेले, मान उंच, अंगावर झूल. ज्या दख्खनी तट्टावर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, म्हणून आपण छाती फुगवतो, ते ठेंगणे, काटक, मिळेल ते खाऊन दिवसाला वीस कोस तुडवणारे जनावर त्या रांगेत बहुधा नसतेच. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. बाजाराने व्यापार जपला, जात जपली नाही. जात जपली ती बाजाराकडे पाठ असलेल्या माणसांनी. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातले धनगर मेंढरांमागे कोकणात उतरतात आणि परत येतात, तेव्हा त्यांचा वाडा, भांडी, कोंबड्या आणि कोकरे ज्याच्या पाठीवर असतात ते भीमथडी तट्टू. अलीकडे पशुजातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, ती या कळपांच्या जोरावर. जपानातही हेच दिसते. बानेईत स्लेज ओढणारे घोडे पेर्शरॉन, ब्रेटन, बेल्जियन अशा युरोपीय रक्ताचे. शर्यतीने ओढण्याचे काम जिवंत ठेवले, देशी घोडा मात्र दुसरीकडे, दुसऱ्याच कारणांनी जगला. म्हणून माळेगावला वारसा म्हणायचे असेल तर तो घोड्याचा वारसा नव्हे, घोडा विकत घेण्याच्या रीतीचा. दात उघडून वय ठरवणे, अंगावरचे भोवरे मोजून शुभाशुभ पाहणे, पंचकल्याणाला वेगळा भाव देणे, चालवून, दुडकवून, मग चौखूर सोडून दम पाहणे, आणि शेवटी रुमालाखाली बोटे दाबून चार माणसांत गुपचूप किंमत ठरवणे. ही विद्या शिकायला दुसरी शाळा नाही. कोटीच्या घोड्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येते. तो घोडा बहुधा विकायला आणलेला नसतो, आणि ज्यांना ही विद्या येते ते त्याच्यापाशी फार वेळ उभे राहत नाहीत.

ते उभे असतात साध्या घोडीपाशी. कारण टांगा गेल्यानंतर या बाजाराचे जे पाचवे गिऱ्हाईक आले, ते आहे नवरदेवाच्या घोडीचा धंदा करणारे. बँडच्या तालावर पाय टाकणारी, गर्दीला आणि फटाक्यांना न बुजणारी घोडी लग्नसराईत चांगला रोजगार देते. आता तिथी पाहा. मार्गशीर्ष संपता संपता घोडी घ्यायची. पुढचा महिना पौष, त्यात लग्ने नाहीत. तेवढा महिना हलगीच्या आवाजाला सरावायला, मागच्या पायांवर उभे राहायला, अंगावर साज चढवून घ्यायला मिळतो, आणि माघ लागला की सुपाऱ्या सुरू. वीटभट्टीवर गाढवे लावणाऱ्याचा हंगामही याच सुमाराला रंगात आलेला असतो. उत्तरेच्या व्यापाऱ्यालाही ही वाट सोयीची पडते. कार्तिकी पौर्णिमेला पुष्कर, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठचे सारंगखेडा, आणि तिथून पंधरवड्यात माळेगाव. एका बाजारात न खपलेले जनावर दुसऱ्यात उभे करता येते. पूर्वी हे अंतर पायी कापले जाई, आता ट्रकमध्ये गवत अंथरून कापले जाते. घोड्यांच्या शेंबा रोगाची, म्हणजे ग्लँडर्सची तपासणी आणि तिचे प्रमाणपत्र हा आता या वाटेवरचा नवा नाका आहे. एखाद्या जिल्ह्यात रोग सापडला की तिथून घोडे हलवण्यावर बंदी येते, आणि त्या वर्षी उत्तरेचे सौदागर कमी दिसतात. अशा वर्षी माळावरच्या रांगांमध्ये जवळपासचीच घोडी अधिक भरतात: परभणीची, हिंगोलीची, अहमदपूर-चाकूरकडची, सीमेपलीकडच्या बिदर आणि निजामाबादकडची. भाव थोडे उतरतात, आणि येळवसेची आंबील पिऊन संध्याकाळी माळेगाव गाठणाऱ्या शिरूर-निलंग्याकडच्या शेतकऱ्याला, ज्याला पोराच्या हट्टाखातर एखादे शिंगरू घ्यायचे असते, ते परवडून जाते.